लखनचे रक्त

मूल्य न मागता जे ज्ञान आपल्या दारी येते, त्याचे स्वागत कोणत्या मनाने करावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. घेणाऱ्याने कृतज्ञ असावे हे खरे. परंतु कृतज्ञतेच्या आधी शंका उंबरठ्यावर येऊन उभी राहते आणि विचारते, की देणाऱ्याला हे कोठून मिळाले, आणि ज्याच्याकडून मिळाले त्याला कोणी काही विचारले होते काय. ही शंका नेहमीच क्षुद्र असते असे नाही. ज्यांच्या घरून पिढ्यानपिढ्या पुष्कळ काही फुकट नेले गेले आहे, त्यांच्या घरात ती वडीलधाऱ्या माणसासारखी वावरते. तिला घराबाहेर काढता येत नाही, आणि तिचे सगळेच ऐकूनही चालत नाही.

ज्योत्स्नेच्या मनात ही शंका पुन्हा जागी झाली २००४ सालच्या जानेवारीतल्या एका सकाळी, ज्या आयुर्वेद महाविद्यालयातून ती नुकती पदवी घेऊन बाहेर पडली होती त्याच्या ग्रंथालयाच्या दारात. आतल्या खिडकीपाशी तिची जुनी खुर्ची दिसत होती. तिच्यावर कोणी एक मुलगी पाय वर घेऊन बसली होती. ग्रंथपाल विमलाबाई टेबलामागून उठल्या नाहीत. चष्म्याच्या वरून पाहत त्यांनी एवढेच विचारले, "कार्ड?"

"मॅडम, मी ज्योत्स्ना. मागच्या बॅचची."

"ओळखते गं. कार्ड कुठाय?"

"जमा केलं. नाहरकत घेतली तेव्हा."

"मग झालं तर. तू आता बाहेरची."

"एकच लेख बघायचाय, मॅडम. इथंच उभी राहून बघते."

"सगळे उभं राहूनच बघतात. नंतर आम्हाला कळतं, पान ब्लेडनं कापलंय."

हे बोलताना विमलाबाईंची नजर तिच्या पर्सकडे गेली, आणि ज्योत्स्नेचा हातही नकळत पर्सवर गेला. आपण काही चोरले नसताना हात असा का जातो, याचे तिला फार जुने कोडे होते. हरसूलच्या आश्रमशाळेत असताना वाण्याच्या दुकानापुढे उभे राहिले, की मुली आपले हात पाठीमागे बांधून घेत. कोणी सांगितले नव्हते, तरी घेत. शहरात आल्यावर तिने हात मोकळे सोडायचे शिकून घेतले होते. पाच वर्षे या ग्रंथालयात येताना तर ती हे विसरूनच गेली होती. ज्याला ती आपले समजत होती ते सगळे त्या पुठ्ठ्याच्या कार्डात होते, आणि ते कार्ड तिने स्वतःच्या हाताने, पावती घेऊन, परत केले होते. ती वळली, तेव्हा विमलाबाईंचा आवाज मागून आला, किंचित उतरलेला. "लेख कुठला ते तरी ठाऊक आहे का? नाही ना? आधी इंटरनेटवर सूची बघ. लेखकाचा पत्ता मिळेल. त्याला साधं कार्ड टाक. पूर्वी सगळे तसंच मागवायचे. छापील प्रती असतात त्यांच्याकडे, पाठवतात."

"फुकट?"

"मग काय विकतात? जा आता. साहेब येतील."

तो लेख तिला हवा होता तो धाकट्या भावासाठी. सुनील चुलतभाऊ लखनबरोबर टोळीतून दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागेत कामाला आला होता. चार दिवसांपूर्वी लखनने त्याला पिकअपच्या मागच्या फळीवर घालून नाशिकला, मखमलाबाद नाक्यावरच्या तिच्या खोलीवर आणले. सुनीलचे गुडघे पोटाशी घेतलेले होते, डोळे पिवळट होते, आणि नडग्यांना नुसते पांघरूण लागले तरी तो दातांवर दात दाबत होता. बरोबर आलेला खंडेराव मुकादम पिकअपमधून उतरलाच नाही. "डाक्टरीनबाई," तो आतूनच म्हणाला, "माल सुटलाय बागेत, आन हे भाऊसाहेब झोपलेत. दर वर्साचं नाटक हाय याचं. थंडी पडली की झोपतो, बाकीच्यांची पेमेंट झाली की उठून नाचतो. पुढच्या आईतवारपर्यंत आला तर ठीक, नाय तर दुसरा माणूस घेतो." लखन मुकादमाकडे न पाहता म्हणाला, "त्याच्या वाटच्या ओळी मी कापतोय ना. तुमचं काय गेलं?" पण तोही सुनीलकडे पाहत नव्हता. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सुनील खरोखरच उठला, दाराबाहेर उन्हात उभा राहिला, शेजारच्या पोराचा पतंग त्याने तारेतून सोडवून दिला. ज्योत्स्नेला हायसे वाटायला हवे होते. त्याऐवजी तिला मुकादमाचा आवाज ऐकू आला.

ती ज्या खासगी रुग्णालयात साहाय्यक म्हणून काम करत होती, तेथे तिने त्याला नेले. डॉ. गायधनी सज्जन होते. क्ष-किरणचित्र उजेडाला धरून त्यांनी हाडे निर्दोष असल्याचे सांगितले. तिने विचारले, हा रक्तातला सिकलसेलचा आजार असेल काय? डोंगरपट्ट्यात असतो असे कोठेसे वाचले आहे. त्यांनी मान हलवली. "तुमच्या हरसूलच्या बाजूला सर्वेक्षण झालंय ज्योत्स्नाताई. चौऱ्याण्णवला. मुंबईचे लोक आले होते, पाडेच्या पाडे तपासले. काही निघालं नाही. पेपर आहे त्यावर." मग त्यांनी आवाज खाली आणला, आणि त्या खाली आणलेल्या आवाजातली दयाच तिला अधिक लागली. "वय आहे त्याचं. पहाटे पाचला उठून गारठ्यात बागेत जायचं, कुणालाही नको वाटेल. रागावू नका. दोन दिवस राहू दे, मग पाठवा." रक्त तरी तपासू या असे ती म्हणाली असती, पण गावाहून आलेली आई, भिमाबाई, मुलाचा दंड आपल्या पदराखाली घेऊन शेजारीच उभी होती. सुई दिसली की ती मुलाला असेच झाकत असे. अशक्त पोराचे रक्त काढू देणार नाही, या एका गोष्टीवर ती आजवर कोणाला बधली नव्हती. डॉक्टर म्हणाले, जरूरही नाही. पेपर आहे.

पेपर आहे. ज्योत्स्नेने ते शब्द मनात पुष्कळ वेळा उलटेपालटे केले. महाविद्यालयात वृद्ध गुरुजी शिकवीत, की ज्ञान डोळ्यांनी होते, अनुमानाने होते, आणि आप्ताच्या वचनाने होते; आणि आप्त तो, ज्याला खोटे बोलून काही मिळवायचे नाही. परीक्षेत तिने हे सुवाच्य अक्षरात लिहिले होते. आता तिच्यापुढे दोन वचने उभी होती. एक छापलेले, मुंबईच्या विद्वानांचे, ज्यांना सुनील आजारी असो वा नसो, काहीच मिळवायचे नव्हते. दुसरे वचन सुनीलचे. आणि सुनीलने तर वचन म्हणावे असे कधी काही उच्चारलेच नव्हते. तो कण्हत असे, आणि मग कण्हणे थांबवत असे. तो खोटा असेल तर रविवारी त्याला बागेत पाठवणे हेच बहिणीचे कर्तव्य होते. तो खरा असेल तर त्या थंडीत पाठवणे म्हणजे काय होते, हे तिला अजून नीट ठाऊक नव्हते. म्हणूनच तो लेख पाहायचा होता.

अशोकस्तंभाजवळ एका माडीवर महेश नावाच्या तरुणाने सायबर कॅफे काढला होता. प्लायवुडच्या खोपट्या, प्रत्येकीला फुलाफुलांचा पडदा. आत जुन्या घामाचा आणि तापलेल्या यंत्राचा वास कोंडलेला. ती बसताच महेश म्हणाला, "ताई, पडदा उघडा ठेवा. मधूनमधून पोलीस येतात."

"मी आजार शोधतेय."

"सगळे तसंच सांगतात."

विदेशातल्या एका सरकारी वैद्यक ग्रंथालयाची सूची संगणकाच्या पडद्यावर उघडली, आणि तिची बोटे थबकली; कारण त्या सूचीने तिला नाव विचारले नाही. आयुष्यात जे जे दार तिला उघडले, त्याने आधी काही ना काही मागितले होते. दाखला, शिक्का, दोन साक्षीदार. येथे कोणी म्हणत नव्हते की तू बाहेरची. तिला ते भयंकर वाटले. रिकाम्या घराचे दार उघडे दिसल्यावर आत जाणाऱ्याला वाटते तसे. एकेक लेख उघडू लागला. काही कुलूपबंद होते, डॉलर मागत होते. ते तिला अधिक ओळखीचे, अधिक प्रामाणिक वाटले. पण काही सबंधच्या सबंध फुकट होते. कोणी आफ्रिकेतल्या बालकांविषयी लिहिले होते, कोणी ओरिसातल्या डोंगराविषयी. त्यांत लिहिले होते की लहानपणी हातापायांचे पंजे सुजतात. की डोळे पिवळे दिसतात. की थंडीने, तहानेने, अतिश्रमाने वेदनेचा झटका येतो, हाडांत येतो, आणि काही दिवसांनी ओसरतो, व मधल्या काळात रोगी चारचौघांसारखा हिंडतोफिरतो. की पुष्कळदा अशा रोग्याला कामचुकार समजले जाते. आणि की एखादा झटका छातीत उतरला तर प्राणही घेतो. दीडदोन वर्षांच्या सुनीलचे हात पुरीसारखे फुगलेले तिला दिसले. आईने त्यांना लावलेला गरम पाल्याचा लेप दिसला. सगळे इतके तंतोतंत जुळत होते, की त्या जुळण्याचाच तिला संशय आला. आपल्याला जे हवे ते आपण वाचत आहोत काय? भाऊ खोटा ठरू नये म्हणून त्याला एवढा मोठा रोग शोधून देत आहोत काय? आणि हे सारे लिहिणारे, आपला श्रम असा वाऱ्यावर उधळून देणारे, त्यांचे यात काय होते?

महेश मागे येऊन उभा राहिला होता. "हे सगळं फुकट? मग यांचं भागतं कसं?"

"ठाऊक नाही."

"नमुन्याची पुडी असेल. शाम्पूची देतात तशी. सवय लागली की लावतील पैसे." मग त्याची नजर पडद्यावरच्या काळ्या पोराच्या चित्राकडे गेली. "बरं नाही का कुणाला घरी?" त्याने विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता खोपटीचा पंखा तिच्याकडे वळवून दिला.

हरसूलवरचा तो लेखही सूचीत सापडला, पण त्याचे नुसते नाव आणि मुंबईचा पत्ता. तिने विमलाबाईंनी सांगितल्याप्रमाणे पोस्टकार्ड टाकले. शक्य तितक्या थोड्या शब्दांत लिहिले. आपण कोठल्या, हे लिहिले नाही. तरी गावाचे नाव लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा बारीक आले.

मग वाट पाहण्याचे दिवस आले, आणि त्या दिवसांत तिने एक गोष्ट केली जी सुशिक्षित माणसे सहसा करतात व नाव मात्र अशिक्षितांचे घेतात: ती भावावर पाळत ठेवू लागली. रुग्णालयातून परतताना ती सरळ खोलीकडे न जाता बोळाच्या तोंडाशी रिक्षाआड थांबे. कोणी पाहत नसताना तो लंगडतो काय? नळावर पाण्याची कळशी तो उचलतो ती एका हाताने की दोन? एका दुपारी तिने पाहिले की तो कळशी खांद्यावर घेऊन शेजारच्या आशाकाकूंशी हसतो आहे. काकू म्हणत होत्या, "अरे, बायकोच्या हाताखाली तयार होशील तू!" आणि तो दात दाखवत होता. ज्योत्स्नेच्या मनात काहीतरी कठोर बसले. तेवढ्यात त्याने तिला पाहिले. हसू त्याच्या चेहऱ्यावरून गेले; आणि तिला उमगले, की रिक्षाआड ती का उभी आहे हे त्याला ठाऊक आहे. त्याने कळशी खाली ठेवली, आणि तिच्यादेखत पुन्हा उचलली नाही. त्या न उचलण्यात तिला पुन्हा नाटक दिसले. शंकेचा हा स्वभावच आहे. तिला हसणेही पुरावा आणि न हसणेही पुरावा. लहानपणी जत्रेत हरवलेल्या या पोराने सगळ्यांना सोडून फक्त तिचे बोट ओळखले होते. ते बोट आठवून तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून शंका गेली असे मात्र झाले नाही.

शनिवारी लिफाफा आला. आत मळखाऊ हिरव्या वेष्टनाची छापील प्रत, आणि थरथरत्या हाताने लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी: प्रत विनामूल्य आहे, आपण मागितलीत याचा आनंद झाला, मी आता निवृत्त आहे, आपण त्या बाजूच्या असाल तर लोकांची प्रकृती कशी आहे ते कृपया कळवावे. ज्योत्स्नेने ती चिठ्ठी उजेडाकडे धरली, जणू मागच्या बाजूने दुसरे काही लिहिलेले असावे. दहा वर्षांनी यांना लोकांची प्रकृती आठवली? ती आश्रमशाळेतून दिवाळीच्या सुटीला घरी गेली तेव्हा पाड्यावर सर्वेक्षणाच्या पांढऱ्या जीपचीच चर्चा होती. माणसे आली, बोटांतून रक्त घेतले, बिस्किटे दिली, गेली. निकाल कधी आला नाही. कोणी म्हणे ते रक्त विमानात घालतात. कोणी म्हणे त्याचे औषध करून शहरात विकतात. ती त्या गप्पांना हसली होती. तेव्हा तिला विज्ञानाचे पुस्तक नवे मिळाले होते.

ती खोलीच्या उंबऱ्यावर बसून वाचू लागली. मागे भिमाबाई तांदूळ निवडत होती. सुनील भिंतीकडे तोंड करून निजला होता, किंवा निजलेला दिसत होता. इंग्रजी स्वच्छ होते, कोष्टके नेटकी होती. तिच्या पाड्याचे नाव छापलेले होते; तिने त्यावर बोट ठेवले. तपासलेल्यांत रोगी रक्ताचे प्रमाण: शून्य. म्हणजे सुनीलचे नऊ वर्षांचे बोट यात होते, आणि ते निर्दोष होते. मुकादम बरोबर, डॉक्टर बरोबर. फुकट आलेल्या कागदाने भावाविरुद्ध साक्ष दिली होती आणि आता उद्या, रविवारी, त्याला पिकअपमध्ये बसवायचे होते. तिने मागे न पाहता पान उलटले. शेवटी आभाराचा परिच्छेद होता. ग्रामस्थांच्या असाधारण सहकार्याचा त्यात गौरव होता. संपूर्ण पाड्यात, लेखक लिहीत होते, एकाही व्यक्तीने रक्त देण्यास नकार दिला नाही.

ज्योत्स्नेने ते वाक्य पुन्हा वाचले. जीपचा आवाज आला की बायका पोरे घेऊन रानात शिरतात, तो पाडा. देवीच्या लशीला दंड दिला नाही म्हणून ज्याच्यावर फौजदार आला होता, तो पाडा. त्यात एकानेही नकार दिला नाही? इतके दिवस भावाभोवती घोंघावणारी तिची शंका उठली आणि त्या एका वाक्यावर जाऊन बसली. आणि प्रथमच तिला आपली शंका घाणेरडी वाटली नाही.

"आई," ती म्हणाली, "रक्त न्यायला जीप आली होती, आठवतं?"

"आठवंल नाय तं काय? बिस्किटं दिल्ती. गोड नव्हती."

"सगळ्यांनी रक्त दिलं?"

"दिलं की. मास्तर नाव पुकारीत व्हते, नाय कोन म्हननार? शाळा बंद केली आसती."

"सुनीलनं?"

भिमाबाई सूप खाली ठेवून हसली. मुलीला एवढे शिकवून काहीच कळत नाही, असे ते हसू होते. "त्याचं कशाला देईन गं? त्याच्या आंगात व्हतं किती? लखन गेला त्याच्या बदली."

"बदली म्हणजे?"

"म्हंजे काय? बांधाच्या सरकारी कामावर जातं तसंच. घरामागं एक मानूस म्हनलं, आन घरात आशक्त आसलं, का शेजारचा जातो त्याच्या नावावर. इसरली व्हय? लखन तवा रेड्यावानी व्हता. एकेक बोट एकेका घराला दिलं त्यानं. सुनीलला आंगठा दिला. आपला म्हनून."

"आणि त्या लोकांना कळलं नाही?"

"त्यांला आमची पोरं सारखीच दिसत. सदरा बदलला का झालं. शेजारच्या कुसाबाईनं टोपी दिली, म्या टावेल दिला." भिमाबाईला ते सगळे आता स्पष्ट दिसत होते, आणि त्यात तिला मौज वाटत होती. "नुसता लखनच नाय. पाड्यात जो जो किडकिडा, पिवळा, त्याच्या बदली धडधाकट गेला. लय नीट बसवलं व्हतं समदं."

"आई, त्यांना आजारी माणसाचंच रक्त बघायचं होतं."

भिमाबाईचे हसणे थांबले. तिने मुलीकडे पाहिले, हिरव्या कागदाकडे पाहिले, आणि तिच्या आवाजात दुखावलेपणा आला. "मंग तसं सांगायचं ना. रक्त पायजे म्हनले. आमी चांगलं दिलं. दुसऱ्याला द्यायचं तं खराब कोन देतं?"

भिंतीकडे तोंड केलेल्या सुनीलची पाठ हलली. तो जागाच होता.

ज्योत्स्नेने हिरवी प्रत मिटली. कोष्टकात कोणी खोटे लिहिले नव्हते. त्या विद्वानाने जे पाहिले तेच मांडले. पाड्याने जे उत्तम होते तेच दिले. दोन्हीकडे कपट नव्हते आणि मधल्यामध्ये दहा वर्षे तिचा भाऊ खोटा ठरत आला होता. तिला त्या ओरिसातल्या, आफ्रिकेतल्या नावांची आठवण झाली. तेथे कोणाच्या तरी आईने आपल्या अशक्त पोराचे बोट खरोखरच पुढे केले असले पाहिजे. त्या बोटांचे ज्ञान अशोकस्तंभाच्या माडीपर्यंत येऊन पोचले होते. देणारे आपले काय देत होते हे तिला आता कळले.

रविवारी सकाळी पिकअप आली. मुकादमाच्या शेजारून लखन उतरला. ज्योत्स्नेने सांगितले की आधी रुग्णालयात जायचे. मुकादम "म्हंजे आज पण नाय," म्हणून कपाळाला हात लावून निघून गेला, पण लखन थांबला. रुग्णालयाच्या छोट्या प्रयोगशाळेत भिमाबाई पुन्हा सुनीलचा दंड पदराखाली घेऊन उभी राहिली. "पोरी, याचं नको. काल तापलं व्हतं आंग." लखनला सगळा प्रकार रस्त्यातच कळला होता. त्याने बाही वर सारली आणि गंभीरपणे दोन्ही पंजे पुढे केले. "माझंच घ्या ना ताई. सवय हाय. कोनतं बोट पायजे?" प्रयोगशाळेतली परिचारिकासुद्धा हसली. सुनील हसला नाही. त्याने आईच्या पदरातून दंड सोडवून घेतला. हळू, तिला लागू नये म्हणून.

"नाय," तो म्हणाला. "लखनदादा, बागेत माझ्या ओळी तू कापतो. तवा रक्तबी तूच दिलं. पर दुखतं ते तं मलाच ना?" मग बहिणीकडे पाहून, "माझं घे. खोटं निघालं तं मी आपल्या पायानं मुकादमाकडं जाईन."

ज्योत्स्नेने त्याचा अंगठा धरला. तो गार होता. तिने टोचले, आणि भिमाबाईने तोंड फिरवले.

काचपट्टीवर एक थेंब साधा ठेवला, दुसऱ्यात रसायन मिसळून वर पातळ काच बसवली, कडा मेणाने बंद केल्या आणि ती वाट पाहत बसली. पुष्कळ वाट पाहावी लागत नाही. पण त्या वेळात तिने दोन्ही गोष्टी मागून पाहिल्या. तो खरा ठरो, असे मागितले आणि लगेच ते मागणे किती क्रूर आहे हे जाणून शब्द परत घेतले. तो निरोगी ठरो, असे मागितले, तर भिंतीकडे तोंड केलेली पाठ दिसली. मग तिने काहीच मागितले नाही आणि डोळा सूक्ष्मदर्शकाच्या नळीला लावला. गोल, शांत पेशींच्या मध्ये काही पेशी वळल्या होत्या. टोके निघालेल्या, अरुंद, वाकड्या. नागलीच्या कापणीला आई जो विळा नेते, तसा त्यांचा बाक. तिने साधा थेंब पाहिला. रसायन न घालताही त्यात तसे विळे तुरळक पडलेले होते. पुढची तपासणी मोठ्या ठिकाणी करावी लागणार होती, पण तिचे डोळे भरून आल्यामुळे आता तिला नळीत काही दिसेनासे झाले.

डॉ. गायधनी आले, त्यांनी वाकून पाहिले आणि पट्टी सरकवून पुन्हा पाहिले. "पण पेपरमध्ये तर," ते म्हणाले.

"तो पेपर लखनचा आहे, डॉक्टर," ज्योत्स्ना म्हणाली.

तिने सगळे सांगितले. त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या त्या धिप्पाड मजुराकडे पाहिले, मग सुनीलकडे आणि सुनीलच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बागेत जायचं नाही. भरपूर पाणी पी. अंग गरम ठेव. मी लिहून देतो मुकादमाला." आणि मग, वयाने व मानाने मोठा माणूस क्वचितच म्हणतो तसे, "चुकलं माझं."

भिमाबाईने यंत्रातून पाहण्याचा हट्ट धरला. तिला बहुधा स्वतःच्या पापण्याच दिसल्या असाव्यात. तिने डोळा काढून मुलीच्या कानाशी अगदी हळू विचारले, "खोटं नव्हतं ना गं त्याचं?" म्हणजे शंका तिच्याही पदराखाली होती, इतकी वर्षे, त्या दंडाबरोबरच झाकलेली. "नाही आई," ज्योत्स्ना म्हणाली. भिमाबाईने मग त्या यंत्राच्या थंड लोखंडावरून, जसा पोराच्या तोंडावरून फिरवावा तसा, हात फिरवला आणि बोटे स्वतःच्या कानशिलावर मोडली.

दुपारी ज्योत्स्नेने मुंबईच्या पत्त्यावर दुसरे कार्ड लिहिले. या वेळी गावाचे नाव ठळक अक्षरात लिहिले आणि स्वतःचेही. लोकांची प्रकृती कशी आहे आणि लखनने कोणाकोणाच्या बदली बोटे दिली ते कळवले. पाड्यातल्या पिवळ्या पोरांची बोटे पुन्हा पाहावी लागतील, आणि या वेळी मी बरोबर असेन, असेही लिहिले. संशय पुरता गेला नव्हता. तो अशा घरांतून पुरता जात नाही, आणि जाऊही नये. परंतु तो आता भावाच्या उशाशी बसला नव्हता.

ज्या वृद्धाने मागता क्षणी आपल्या श्रमाची प्रत पाठवली आणि जो उद्या तिच्यातली चूक वाचील, त्याच्या हाताला स्थैर्य लाभो. ज्याने दुसऱ्यांच्या नावाने आपली बोटे दिली, त्याचे बळ टिकून राहो. परक्याला उत्तम तेच द्यावे असे ज्यांना वाटले, त्या पाड्यावर कोणाचे पोर पिवळे न पडो. आणि ज्याचे दुखणे अखेर त्याच्याच नावावर लागले, त्याला यंदाची थंडी सोसवेल इतकी सौम्य असो.